धायरीच्या ओसरीवर बसलेली निवड समिती

यवतमाळला ट्रॅव्हल्सच्या गाडीजवळ आमच्या विभागातले निम्मे सहकारी मला निरोप द्यायला जमले होते. निरोप कसला, चेष्टा करायलाच. "मॅडम, पुण्याहून लोक बाकरवडी आणतात, साड्या आणतात. तुम्ही जिता-जागता प्राध्यापक आणायला निघालात," गणिताचे वानखडे सर म्हणाले. "आणि समजा आणलात, तर तो इथे टिकावा म्हणून काय करणार?" मी म्हटलं, "तुमचं भाषण त्याच्या कानावर पडू देणार नाही. एवढं पथ्य पाळलं तरी टिकेल." सगळे हसले आणि गाडी सुटली.

हसण्यावारी नेलं तरी काळजी खरीच होती. आमच्या छोट्या खासगी विद्यापीठात सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवायला आणि त्यात संशोधन करायला एक प्राध्यापक हवा होता. जाहिरात पुन्हा पुन्हा दिली. अर्ज यायचे, तेही बहुतेक पुण्याहूनच, आणि मुलाखतीच्या दिवशी नेमकं उमेदवाराच्या घरी कुणीतरी आजारी पडायचं. शेवटी मीच कुलगुरूंना म्हटलं, ते येत नाहीत तर आपण जाऊ. त्यांनी दोघांची समिती नेमली. एक मी, विभागप्रमुख म्हणून, आणि दुसरे पुण्यातले निवृत्त प्राध्यापक देवधर सर. आम्ही एक नाव सुचवायचं आणि कुलगुरूंनी त्यावर शिक्कामोर्तब करायचं, असं ठरलं.

सोबत अश्विनी होती. ही आमची संशोधक विद्यार्थिनी. प्रोग्राम लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका कशा शोधायच्या, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंग, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिचे मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले ते गेलेच. माझा विषय वेगळा, आणि नियमाने घेता येतील तेवढे विद्यार्थी माझ्याकडे आधीच आहेत. नवं सत्र सुरू होण्याआधी मार्गदर्शक मिळाला नाही तर अश्विनीची नोंदणी रद्द होणार होती. विद्यापीठाच्या दृष्टीने ही एक रिकामी जागा होती, तिच्या दृष्टीने मात्र कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ. म्हणून मुलाखतींची सगळी व्यवस्था तिने आपणहून अंगावर घेतली. उमेदवारांना बोलावणी पाठवायला तिने एक छोटा प्रोग्रामसुद्धा लिहिला. मी तो पाहिला, "वा" म्हटलं आणि "पाठवून टाक" म्हणून सांगितलं.

सकाळी जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. वाघोलीपासून पुढे रस्ता नुसता गाड्यांनी तुंबलेला. पुण्यात शिरायला यवतमाळहून निघण्यापेक्षा जास्त चिकाटी लागते, हे मला त्या तासाभरात कळलं. येरवड्याला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. आपल्याकडे येरवडा म्हटलं की तुरुंग, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नसतं. इथे मात्र पोह्यांच्या गाडीसमोर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या मुलामुलींची रांग लागली होती. "अरे, मीटिंग सुरू होईल यार, पार्सल घे आणि चल," असं एकीचं चाललेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "काहून बे, इतका उशीर?" आणि माझ्या कानांना एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. आमचीच पोरं ही. दरवर्षी आम्ही शिकवून तयार करतो आणि ती या शहराला देऊन टाकतो. त्या बदल्यात एक माणूस मागायला आलोय, यात भीक मागण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला बजावलं. पोहे उत्तम होते, फक्त जरा गोड.

रिक्षा केली. "मंडईजवळच्या शाळेत जायचंय," मी म्हटलं.

"मंडईजवळच्या शाळेत अर्धं पुणं शिकलंय. नाव सांगा," रिक्षावाला म्हणाला. नाव सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि मीटर टाकला.

देवधर सरांनी ओळखीने त्या शाळेतला एक वर्ग दिवसभरासाठी मिळवला होता. ते मंडईच्या दारातच भेटले, हातात मटारची भली मोठी पिशवी. त्या दगडी इमारतीत सकाळच्या वेळी पाय ठेवला की निघावंसं वाटत नाही. पालेभाजीच्या जुड्यांचे ढीग, कांद्याच्या पातीचा वास, आणि गाळ्यावरून गाळ्यावर ओरडून चाललेली चेष्टामस्करी. मला थोडं फिरायचं होतं. पण सर म्हणाले, "आपण इथे प्राध्यापक घ्यायला आलात ना? ते आत मिळत नाहीत." मग निमूटपणे शाळेत गेलो.

वर्ग पहिलीचा होता. छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसलो. भिंतीवर अननसापासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं होती, फळा पुसलेला होता, पाण्याची बाटली होती. नव्हते ते उमेदवार. ठरलेली वेळ टळून गेली. मी दाराकडे पाहत होते आणि अश्विनी फोनकडे.

"पुण्यात लोक वेळेवर येतात असा माझा समज होता," मी म्हटलं.

"येतात. बोलावलं असेल तिथे येतात," देवधर सर म्हणाले आणि मटार सोलायला लागले.

तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला वेगळं ऐकायची गरज पडली नाही. "आगं अश्विने, खोल्या बघायला मानसं पाठवलीस ती पाठवलीस, आदी सांगायचं तरी! हितं रिकाम्या खोल्या दोन हायत आन् मानसं तीन आल्यात. त्यातला एक म्हनतोय मुलाखत कवा हाय. म्हनलं मुलाखत तर मी घितली की मगाशीच."

अश्विनी पांढरी पडली. एम.टेक. करताना ती धायरीला तात्यांच्या घरी भाड्याने राहायची. फोनवर तेच तात्या होते. प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला तिने त्यात ठिकाण म्हणून आपला जुना धायरीचा पत्ता भरला होता. पाठवायच्या आधी तो काढून शाळेचा घालायचा राहिला. मी "पाठवून टाक" म्हटलं, आणि तिने पाठवून टाकलं.

देवधर सरांनी सोललेले दाणे डब्यात भरले. "पदाचा विषय कोणता म्हणालात आपण?"

"सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, त्यातही टेस्टिंग," मी म्हटलं.

"छान. म्हणजे विद्यापीठाकडून प्रात्यक्षिक झालं. आता उमेदवारांचं बघू."

सिंहगड रस्त्याने धायरीकडे रिक्षा मुंगीच्या पावलांनी चालली होती. देवधर सर कडेला पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या काढत होते. अश्विनी म्हणाली, "मॅडम, आता कोण येणार आपल्याकडे? ज्या डिपार्टमेंटला एक साधी मेल धड पाठवता येत नाही तिथे टेस्टिंग शिकवायला?" मला राग आला होता, पण तिच्यावर काढावा असा नव्हता, आणि स्वतःवर काढायची मला सवय नाही. म्हणून मी रिक्षावाल्याला उगाच म्हटलं, जरा जोरात घ्या. त्याने समोरच्या बसकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हिच्यातनं?"

धायरी आता नावापुरतंच गाव उरलंय. उंचच उंच इमारती, त्यांच्या खाली औषधांची दुकानं आणि केक. पण दोन इमारतींच्या मधे अजून तात्यांचा एक हिरवा तुकडा आहे. त्यात मेथी आणि वांगी होती. "माळवं (म्हणजे आपला भाजीपाला) घरचंच खातो आमी," हे त्यांनी ओळख होताच अभिमानाने सांगितलं. बाकीची जमीन बिल्डरला गेली, तिच्या पैशातून तात्यांनी तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. खाली मात्र लांबरुंद ओसरी तशीच ठेवली होती. त्या ओसरीवर आमचे तिन्ही उमेदवार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसले होते आणि काकू, म्हणजे तात्यांची पत्नी, त्यांना दुसऱ्यांदा चहा देत होत्या.

अश्विनीच्या प्रोग्राममधून चुकीचा पत्ता गेला, असं सांगून मी माफी मागितली. तात्यांनी मला बाजूला घेतलं आणि आपला निकाल सांगून टाकला. पुण्यात घरमालक भाडेकरूची घेतो तशी मुलाखत विद्यापीठातही होत नसेल. गाव कुठलं, खाणं काय, येणं-जाणं किती वाजता, पाहुणे किती येतात, किती दिवस राहणार. तात्यांनी तिघांनाही सगळं विचारलं होतं. "त्यो निखिल नावाचा पोरगा, त्याला खोली दिली. वरीसभरच राहनार म्हनतो, मंग परदेशी जायचंय. सरळ हाय. ते चष्म्यावालं घाटे सर, त्यांनाबी दिऊ. पन त्या वृषाली बाईंना न्हाई देनार."

"का हो?"

"लई प्रश्न. नळ सोडून बगितला, दिव्याची बटनं दाबून बगितली, कडी आतनं लावून भाइरनं ढकलून बगितली. गॅलरीत जाऊन म्हनत्यात, पोरानं हितं खुर्ची आनली तर? आता कोन आननार हितं खुर्ची?"

त्या ओसरीवरच समिती बसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येकाने थोडा वेळ शिकवून दाखवायचं होतं. विद्यार्थी म्हणून तात्या, काकू, अश्विनी आणि वरच्या मजल्यावरून काम सोडून खाली आलेले दोन आयटीतले भाडेकरू.

पहिले डॉ. घाटे. स्वभावाने अतिशय सज्जन. त्यांनी सगळं शिकवणं स्लाइडवर बांधून आणलं होतं आणि ओसरीवर पडदा नव्हता. लॅपटॉप दोन्ही हातांत उंच धरून ते बोलत राहिले. हात दुखायला लागले तसा विषयही खाली येत गेला. शेवटी मी यवतमाळबद्दल विचारलं तर ते चमकले. "नोकरी यवतमाळला आहे? मुलाखत पुण्यात ठेवलीत, मला वाटलं शाखा काढताय इथे." जाहिरात पूर्ण वाचली नसल्याची त्यांनी मोकळेपणाने कबुली दिली आणि उरलेला चहा घेतला.

मग निखिल. हुशार मुलगा, शोधनिबंध भरपूर, बोलणं फर्डं. त्याने शिकवलंही ठीक. देवधर सरांनी विचारलं, "यवतमाळला किती वर्षं राहायचा विचार आहे?"

"सर, मी तिथे लाँग टर्म बघतोय. मला रूट्सकडे परत जायचंय."

"आरं, मगाशी तर वरीस म्हनला व्हतास की," विद्यार्थ्यांमधून तात्या म्हणाले.

सगळी ओसरी हसली. निखिलही हसला. कान लाल झाले, पण खोटं रेटलं नाही. "सर, एक वर्ष नक्की. ते मात्र मनापासून करीन," तो म्हणाला. मला तो आवडला.

शेवटी डॉ. वृषाली शेंडे उठल्या. साधा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, चेहरा कसलाच अंदाज न देणारा. म्हणाल्या, "मेल वाचतानाच मला शंका आली होती. पत्त्याखाली लिहिलं होतं, 'बेल बंद आहे, कडी वाजवा.' कुठलंही विद्यापीठ असं लिहीत नाही. फोन लावायला गेले तर नंबर एक ते नऊ ओळीने. म्हणजे चाचणीपुरता भरलेला टेस्ट डेटा तसाच बाहेर पडलाय."

"मग आलात कशाला?" देवधर सरांनी विचारलं.

"ही चूक कशी झाली ते बघायला."

अश्विनीने मान खाली घातली. वृषालीबाई तिच्याकडे वळल्या नाहीत. काकूंकडे वळल्या. "काकू, वरचा मजला नवीन बांधला तेव्हा नळ कुणी तपासले?"

"प्लंबरनं की," काकू म्हणाल्या. "आन् मेला एक नळ तसाच सोडून गेला. रातभर टाकी रिकामी झाली. सकाळी साऱ्या बिऱ्हाडांनी माझ्या नावानं शिमगा केला."

"नळ चांगला होता?"

"चांगलाच व्हता. त्यानंच तर टाकी रिकामी किली."

"म्हणजे तपासणी बरोबर झाली. तपासायला जे उघडलं ते बंद करायचं राहिलं, आणि टाकी राहत्या घराची होती. प्लंबरला शिव्या देऊन उपयोग नाही, पुढच्या वेळी दुसरा प्लंबर विसरेल. मग काय करावं?" आता त्या अश्विनीकडे वळल्या. "तुझा प्रोग्राम आहे इथे? उघड."

अश्विनीने लॅपटॉप उघडला. खोटी माहिती आत असेल तर प्रोग्रामने मेल पाठवायलाच नकार द्यावा, असं वृषालीबाईंनी सुचवलं. "पण ते ओळखणार कसं?" अश्विनी म्हणाली. "तात्यांचा पत्ता खोटा नाहीये. खराच आहे. फक्त आपला नाही." वृषालीबाई म्हणाल्या, "बरोबर. मग माझं उत्तर चुकलं. तू सांग." अश्विनीने काहीतरी सांगितलं, त्यांनी ते खोडलं, तिने त्यांचं खोडलं. वरचे दोन भाडेकरू खुर्च्या ओढून त्यात शिरले. शिकवून दाखवायची वेळ केव्हाच संपली होती आणि ते सांगायचं भान आम्हा दोघांनाही राहिलं नव्हतं. मी कितीतरी दिवसांनी अश्विनीला तावातावाने भांडताना पाहत होते. मला फार आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. ही बाई आली नाही तर?

जेवल्याशिवाय सोडणार नाही असं काकूंनी जाहीर केलं. बाजरीची भाकरी, मेथी, आणि वांग्याचं कोरड्यास (आपण पातळ भाजी म्हणतो तेच). पानात मटारची उसळही आली तेव्हा देवधर सरांनी दारामागच्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. ती सपाट झाली होती. "सोललेलं गावलं म्हनून केली," काकू म्हणाल्या. सरांनी उसळ दोनदा घेतली.

जेवताना वृषालीबाईंनी माझी मुलाखत घेतली. प्रयोगशाळा कशी आहे? बरी आहे. उन्हाळा? कडक. नापास करायची मुभा आहे का? आहे, पण पालक भेटायला येतात. शिकवण्याशिवाय आणखी काय कामं लावता? इथे मला खोटं बोलायचा मोह झाला. पण समोर तात्या बसले होते. "सगळीच लावतो," मी म्हटलं. "प्रवेश, अहवाल, सगळं. पण आठवड्यातला एक पूर्ण दिवस संशोधनाला देईन आणि त्या दिवशी तुमच्या दारात मी स्वतः उभी राहीन. कुणाला आत सोडणार नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "इथे मी सध्या संशोधन रविवारी करते, कपडे वाळत घालून झाल्यावर. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, तो कुठेही येईल. मुलाची शाळा आहे. घरी बोलते, उद्या सांगते." मग अश्विनीला म्हणाल्या, "तुझं एखादं प्रकरण लिहून झालंय? पाठव. वाचते." अश्विनीने ताटावरून उठताच दुसरं प्रकरण पाठवून दिलं.

'उद्या सांगते' म्हणजे पुण्यात काय, हे मी देवधर सरांना विचारलं. "कधी कधी उद्याच सांगतात," ते म्हणाले.

पण कुलगुरूंना नाव त्याच संध्याकाळी कळवायचं होतं. सरांचं मत पक्कं होतं, वृषालीबाईंचंच नाव. त्यांना ते सोपं होतं, त्यांना यवतमाळला परत जायचं नव्हतं. माझ्यासमोर सरळ हिशेब होता. निखिल नक्की येणार होता. तो आला की अश्विनीची नोंदणी वाचणार होती, निदान वर्षभर. वृषालीबाई आल्या नाहीत तर तिच्या हातात काहीच उरणार नव्हतं. तात्यांच्या वांग्यांच्या वाफ्याशी उभं राहून मी तिला हे सगळं सांगितलं. नुकसान तिचं होणार होतं, तेव्हा तिला विचारणंच रास्त होतं.

तिने वांग्याचं एक वाळकं पान खुडून टाकलं. मग म्हणाली, "मॅडम, वर्षाने पुन्हा हेच होणार. पुन्हा कुणी वाचणारं नाही. त्यांचंच नाव लिहा." मी नाव कळवलं, आणि पाठवायच्या आधी पत्ता तीनदा तपासला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत निघालो. येरवडा, खराडी, वाघोली, तीच गर्दी उलट्या दिशेने. वृषालीबाईंचा निरोप आला नव्हता. वाटेत मी पुण्याबद्दल काय काय लिहायचं ते मनाशी जुळवत होते. हे शहर तुसडं म्हणतात. मला दोन दिवसांत भेटलेल्या प्रत्येकाने टोमणा मारला हे खरं, पण मारून झाल्यावर प्रत्येकजण मदतीला उभा राहिला. आपल्याकडे आधी गोड बोलतात आणि मग सवडीने बघू म्हणतात. दोन्हींतलं कोणतं बरं, ते मी यवतमाळला पोचेपर्यंत ठरवणार नव्हते. खरं तर या असल्या विचारांत माझं लक्षच नव्हतं. मी अश्विनीच्या फोनकडे पाहत होते.

दिवेलागणीला गाडी नगरच्या पुढे एका धाब्यावर थांबली. चहा आला आणि तिचा फोन वाजला. वृषालीबाईंचा मेसेज होता, लांबलचक. ती वाचत गेली आणि तिचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, संपलं.

"काय म्हणतात?"

"मॅडम, दुसरं प्रकरण पूर्ण चुकलंय म्हणतात. पहिल्या पानापासून. माझं गृहीतकच चुकलंय." ती रडत होती आणि हसतही होती. तिचे सर गेल्यापासून तिच्या कामात काही चुकलंय असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते वाचणारंच कुणी नव्हतं. तिने फोन माझ्या हातात दिला. शेवटची ओळ मी चष्मा वर करून वाचली.

'सगळं पुन्हा लिहायला घे. बाकीचं यवतमाळला आल्यावर बोलू.'